मागच्या कोपऱ्यातली काच

काचेत रेघ अजून होतीच. मॅनेजरसाहेबांनी तावदान खिडकीशी तिरकं धरलं, निरखून पाहिलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "भट्टीची आच वाढवायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?"

कॉम्प्युटरवालीने तोंड उघडलं. तेवढ्यात फोरमनकाका मध्ये आले. "माझ्या, साहेब. ही नवी पोर, हिला काय कळतंय यातलं."

ती बघतच राहिली. महिनोन्महिने खपून तिने अख्खी भट्टी कॉम्प्युटरवर उभी केली होती. वितळलेली काच कुठे उसळते, कुठे वळते, सगळं पडद्यावर दिसत होतं. मागच्या कोपऱ्यात थोडी काच कामचुकार माणसासारखी रेंगाळायची आणि तीच पुढे रेघ पाडायची. तिथली आच वाढवली की ती वाहती होणार, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. भट्टीतली जुनी काच निघून जाईपर्यंत दम धरायचा, बस्स. याच कामावर तिची नोकरी पक्की व्हायची होती. आणि काकांनी आयत्या बिळावर नागोबा व्हावं?

घरी जाऊन तिने आईपाशी काकांचा मनसोक्त उद्धार केला. "भट्टीसमोर कसं उभं राहायचं, ते याच माणसाने शिकवलं मला," ती म्हणाली, "आणि त्यानेच केसाने गळा कापला."

दुसऱ्या दिवशी दुपारी लखलखीत काच बाहेर आली. रेघेचा मागमूसही नव्हता. साहेब खूश होऊन काकांचा हात हलवू लागले. काकांनी तो हळूच सोडवून घेतला.

"अभिनंदन हिचं करा, साहेब. काल मी खोटं बोललो. डोकं सगळं हिचं."

साहेबांनी तिथल्या तिथे तिची नोकरी पक्की केली.

तिला भरून आलं. आईपाशी आपण काय काय बोललो ते आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळे पांगल्यावर ती काकांपाशी गेली. "काका, तुमचे उपकार कसे फेडू? सगळ्या कारखान्यात एकट्या तुम्हीच माझ्या गणितावर विश्वास ठेवलात."

काका हातमोजे काढता काढता हसले.

"विश्वास? छे गं. रेघ दिसली तेव्हा वाटलं, पोरगी चुकली, आता जाते हिची नोकरी. विश्वास असता, तर काल तुझंच नाव नसतं का सांगितलं?"