मोकळी फरशी

चौऱ्याऐंशी साली घाटकोपरच्या एका चाळीत राहणाऱ्या रुक्मिणीची कंबर धरली, ती काही केल्या सुटेना. फिजिओथेरपिस्ट उत्तराबाईंनी निक्षून सांगितले, "कडक फरशीवर उताणे झोपून, गुडघे वाकवून, सावकाश कंबर उचलायची. रोज अर्धा तास. नाहीतर ऑपरेशन."

खोलीत सासऱ्यांची खाट, दोन ट्रंका आणि शिलाई मशीन. पाठ टेकायला फरशीच उरली नव्हती. तिने नवऱ्यापाशी विषय काढला, तर धाकू म्हणाला, "बाबांची खाट काय माझ्या डोक्यावर ठेवू गं?"

पुढच्याच आठवड्यात सासरे गेले. शेजाऱ्यांनी दहा मिनिटांत सगळे सामान गॅलरीत काढले आणि प्रेत ठेवायला ऐसपैस जागा झाली. भेटायला येणाऱ्यांना बसता यावे म्हणून तेराव्यापर्यंत सामान बाहेरच राहिले. दुपारी माणसांची ये-जा थांबली, की रुक्मिणी दार लोटून घ्यायची, सासऱ्यांसाठी लावलेल्या दिव्याशेजारी आडवी व्हायची आणि कंबर उचलायची. दहाव्या दिवशी ती कितीतरी महिन्यांनी भिंतीला न धरता उठली. चौदाव्या दिवशी खाट परत आत आली, आता सासूबाईंसाठी.

उत्तराबाईंनी तिची पाठ दाबून पाहिली. "कमाल केलीस की. आणखी पंधरा दिवस असेच केलेस, तर ऑपरेशन टळले म्हणून समज."

घरी सासूबाईंना सोमवारपासून ताप होता. रुक्मिणीला नेमके तेच आठवले, आणि तिने बाईंसमोरच स्वतःच्या गालावर चापट मारून घेतली.