उभं राहण्याचं परिपत्रक

साहेब हॉलमध्ये आले की सगळ्यांनी उभं राहायचं, असं परिपत्रकच निघालं होतं. चाळीस माणसं रोज स्प्रिंग लावल्यासारखी उठत. बसून राहत त्या एकट्या आवक-जावकच्या बाई. दोन मेमो आले, एक बढती हुकली, पण बाईंनी खुर्ची काही सोडली नाही. "मान मागून घेतला की तो मान राहत नाही, नुसता व्यायाम होतो," असं त्या शेजारच्या टायपिस्टला सांगत, तेही साहेबांना ऐकू जाईल अशा बेतानं.

निवृत्तीनंतर महिन्याभरानं साहेब पेन्शनचा अर्ज घेऊन त्याच हॉलमध्ये आले, तेव्हा त्याच चाळीस माना फायलींत खुपसलेल्या होत्या. साहेबांनी एकवार सगळीकडे पाहिलं आणि मुकाट्यानं बाईंच्या टेबलापुढच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. पुढच्या म्हाताऱ्यानं जागा देऊ केली, तर "नाही, तुमचा नंबर आधी," म्हणाले. अर्ध्या तासानं त्यांची पाळी आली.

"नमस्कार बाई," साहेब म्हणाले. बारा वर्षांत पहिल्यांदाच.

बाईंनी हातातला शिक्का खाली ठेवला, खुर्ची मागे सारली आणि सरळ उभ्या राहिल्या. सगळा हॉल बघतच राहिला.

साहेब पार कावरेबावरे झाले. "अहो बाई, बसा, बसा!"

 

"तुमचा हुकूम मी तेव्हा ऐकला नाही," बाई म्हणाल्या, "आता ऐकेन होय?"