पाहुण्यासाठी

योस्ट आज येणार नाही असा निरोप आला आणि काल्मानकाकांचा जीव भांड्यात पडला.

हंगेरीतल्या सेगेद शहराच्या संगणक मंडळाचा एक नियम होता. हंगेरियन न कळणारा एक जरी पाहुणा खोलीत असला, तरी सगळ्यांनी इंग्रजीत बोलायचं. नियम काकांनीच केलेला, पंचवीस वर्षांपूर्वी, मोठ्या हौसेनं. तेव्हा पाहुणा वर्षाकाठी एखादा यायचा. योस्ट मात्र हॉलंडहून नोकरीला आला तो इथलाच झाला, दर शनिवारी हजर. काका शाळेत रशियन शिकलेले, इंग्रजीत त्यांची मजल ‘थँक्यू’पर्यंत. वर्षभर ते मागच्या खुर्चीत बसून, सगळे हसले की हसत होते. घरी तरी कोण होतं बोलायला?

तिसा नदीच्या पुराचा अंदाज सांगणारा त्यांचा प्रोग्रॅम तीस वर्षं चालला. आता सोमवारी तो बंद होणार होता. तो कसा उभा राहिला हे एकदा, जाणत्या माणसांना, स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं.

“चला काका, आज मैदान मोकळं आहे,” रेका म्हणाली. मंडळ आता ती चालवायची.

काका टिपणांचे कागद घेऊन उभे राहिले. “त्या वर्षी पाणी बांधाला लागलं होतं. आमच्याकडे यंत्र एकच, तेही उसनं...” आवाज सापडला. समोरची पोरं मान डोलावू लागली.

तेवढ्यात दार उघडलं. योस्ट धापा टाकत आत आला.

कुणी काही ठरवलं नाही. रेकानं त्याचं इंग्रजीत स्वागत केलं, दुसऱ्यानं इंग्रजीत चहा विचारला. मग ती काकांकडे वळली. “द्या ते कागद. मी सांगते सगळं इंग्रजीत. तुम्ही निवांत बसा.” पोरगी मनानं चांगली, म्हणून तिच्यावर रागावताही येईना.

काका मागे जाऊन बसले. योस्ट त्यांच्याच शेजारी टेकला. त्याच्या वहीत हंगेरियन शब्द लिहिलेले होते: पूर, बांध, पाणीपातळी.

“मी काम सोडून आलो. तुमचं ऐकायला,” तो हंगेरियनमध्ये अडखळत कुजबुजला. “सहा महिने मी शिकतो. तुम्ही का थांबला?”

काकांनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि हलक्या आवाजात पुन्हा सुरुवात केली. “त्या वर्षी पाणी...”

पुढून रेकानं वळून ओठांवर बोट ठेवलं.

“काका, शू. पाहुण्याला ऐकू द्या जरा.”