कोंबडा छाप

"हा बघा आमचा मसाला!" असं म्हणत ह्यांनी फळीवरचं पाकीट उचलून विहीणबाईंच्या हातात दिलं. आमच्या ऋजुताच्या होणाऱ्या सासूबाई पहिल्यांदाच सांगलीला आल्या होत्या, आणि नव्या मॉलमध्ये आपला माल दाखवायची ह्यांना केवढी हौस!

विहीणबाईंनी पाकिटावरचं नाव वाचलं. "अहो, हा दुसऱ्याच कंपनीचा दिसतोय."

आमचं पाकीट पूर्वी लालभडक असायचं, त्यावर मान ताठ केलेला कोंबडा. लोक दुकानात "कोंबडा द्या" म्हणूनच मागायचे. ऋजुता पुण्याहून डिझाइन शिकून आली आणि म्हणाली, "हल्ली साधंच चालतं." कोंबडा गेला, पांढऱ्यावर बारीक करडी अक्षरं आली. ह्यांनी चकार शब्द काढला नाही. आता फळीवर बघते तर सगळ्याच कंपन्यांच्या लेकी पुण्याला शिकून आलेल्या! एक पाकीट झाकावं आणि दुसरं काढावं.

"माझा चष्मा बदलायला झालाय," हे हसून म्हणाले. मागं उभ्या असलेल्या ऋजुताचा चेहरा पार उतरला.

पाहुण्यांना निरोप देऊन परतताना ती गाडीत हळूच म्हणाली, "आप्पा, चष्मा तर तुम्ही गेल्याच महिन्यात बदललाय. कोंबडा परत आणूया का?"

"आणायचा कशाला? तो गेलाय कुठं?" हे म्हणाले. "त्याचा छपाईचा ठसा देव्हाऱ्यात ठेवलाय मी. रोज पुसतो त्याला."

पुसतात कसले! पुसते मी.