निमुळत्या तोंडाची पक्कड

"ह्याला पक्कड न्हाई," असं म्हणून लीलाबाईने चाकू परत काचेवर ठेवला.

लोणावळ्याच्या बाजारात पप्पूचं दुकान होतं. टोप्या, बॅटऱ्या, रेनकोट, गडावर चढायला येणाऱ्या शहरी पोरांना लागेल ते सगळं. सत्तरीची नऊवारीतली बाई खिशातला चाकू निवडायला आलेली तो पहिल्यांदाच पाहत होता. त्यात ती मळवलीपलीकडच्या वाडीची, म्हणजे त्याच्याच गावची.

त्याने लाल मुठीचा चाकू पुढे केला. "मावशी, यात अकरा कामं होतात. पातं, कात्री, करवत, बाटली उघडायची सोय."

"बाटल्या कुनाच्या उघडू? पक्कड दाव."

"रोज जवळ बाळगायचाय म्हणालात ना? मग हलका घ्या."

"रोजच कमरंला ठेवनार. कवा कुनाच्या दारात लागंल, सांगता येतंय व्हय? पर पक्कड पायजे. तोंड निमुळतं पायजे. बारीक कडी धरली पायजे."

पप्पूचा हात थांबला. "कसली कडी?"

"उद्या निलेशचा दहावा हाय," लीलाबाई म्हणाली.

मग त्याच्या ध्यानात आलं. नवरा गेला की दहाव्याला नदीवर बाईच्या गळ्यातलं काढायचं, अशी वाडीची रीत. तेही विधवेनेच काढायचं. सवाष्णीने हात लावायचा नाही म्हणे. बत्तीस वर्षांपूर्वी लीलाबाईचं काढलं आणि त्यानंतर हे काम तिच्याच गळ्यात पडलं. तुला करायचंय का, असं तिला कुणी विचारलं नाही. काय शहाणी माणसं! नवरा जातो तो जातो, वर बाईचा गळाही ओरबाडायचा आणि तिलाच सांगायचं, रडू नको.

यंदा मात्र गाडं अडलं होतं. निलेशची बायको माधवी वराळ्याच्या कंपनीत कामाला जायची. निलेश गेला त्याच दिवशी तिची चुलत सासू भागुबाई हिने मंगळसूत्राला हात घातला होता. माधवीने मूठ सोडली नाही. ओढाताणीत एक कडी उघडली. तिथे तिने पांढरा दोरा बांधला आणि मंगळसूत्र गळ्यातच ठेवलं. सातव्या दिवशी ती लीलाबाईच्या दारात आली होती.

"मावशी, दहाव्याला तुमी येऊ नका. मी काढू देनार न्हाई."

"मी यनार," लीलाबाई एवढंच म्हणाली होती.

पप्पूने लाल चाकू खणात टाकला. "मग मी नाही देत तुम्हाला. माझ्या आईचंही तुम्हीच काढलं होतं. मी बघत होतो."

"व्हय. तार तुटंना, तवा दातानं तोडली. आता दात न्हाईत."

"लाज नाही वाटत सांगायला?"

"वाटती. तू न्हाई दिलास तर म्होरल्या दुकानातनं घेईन. घेतल्याबिगर जानार न्हाई."

तिने कमरेची चंची सोडली आणि काळ्या मण्यांची एक जुनी तार काचेवर ठेवली. मधूनच तुटलेली, टोकाला कडी लोंबणारी. "हिच्यावर चालवून दाव."

पप्पूला तिचा संताप आला होता. तरी गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. त्याने आतून पोलादी घडीची पक्कड आणली, पोटात पातं असलेली. तिच्या टोकात कडी धरली. ती सुटली नाही.

"तोडून दाखवू?"

"नको!" लीलाबाईने तार झटकन उचलली. "तोडायचं मला नको शिकवू. हीच दे."

त्याने पक्कड कागदात गुंडाळून दिली आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी इंद्रायणीच्या काठी कावळा लवकर शिवला. पुरुषमाणसं बाजूला झाली आणि बायकांनी माधवीला पाण्याजवळ बसवलं. ऊन चांगलंच तापलं होतं, तरी लीलाबाईने पदर गळ्याभोवती घट्ट लपेटला होता.

"या खेपेला हत्यार आनलंस का नीट?" भागुबाईने विचारलं.

"आनलंय."

माधवीने मंगळसूत्र मुठीत धरलं होतं. तिचे डोळे कोरडे होते. "मावशी, मी पाया पडनार न्हाई. हात लावलात तर चावंन."

"चाव. पर मूठ सोड, पोरी. मला कडी दिसंना."

"न्हाई सोडनार!"

दोघींनी तिचे हात धरून मागे ओढले. माधवी ओरडली, तिने लाथा झाडल्या, एकीचा खरोखरच चावा घेतला. लीलाबाई शांतपणे खाली बसली. पातं उघडलं. एकच झटका दिला. पांढरा दोरा तुटून पाण्यात पडला. भागुबाईने मंगळसूत्र ठेवायला ताट पुढे केलं.

लीलाबाईने पातं मिटलं. पक्कड उघडली, तिचं निमुळतं तोंड त्या उघड्या कडीवर ठेवलं आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून दाबलं. कडी बंद झाली.

"आता वढ," ती भागुबाईला म्हणाली. "बघू तुटती का."

"लीले, याड लागलं का तुला?"

"लय पक्की बसती. माजी कालच बसवून बघितली," लीलाबाई म्हणाली आणि तिने गळ्याभोवतीचा पदर सोडला.