कोन वृषाली?

“कौन वृषाली?” नत्थूजींनी फोनवर विचारलं आणि संत्र्याच्या उपड्या कॅरेटवर नीट बसून घेतलं. असले फोन उभ्याउभ्या घ्यायचे नसतात.

पलीकडची बाई फार गोड बोलत होती. हिंदी एकदम शुद्ध, नंबर परदेशातला. सौंसरच्या पत्रकार वृषालीजींना तुम्ही ओळखता का? त्या काय लिहितात? कोणाच्या विरोधात लिहितात? कोणाकडून पैसे घेतल्याचं कधी कानावर आलं का?

झालं. नत्थूजींचे कान टवकारले. मागच्या हिवाळ्यात वृषालीनं नर्सरीवाल्याची बातमी छापली होती. संत्र्याच्या नावाखाली त्यानं भलतीच कलमं विकली, आणि झाडं फळावर आली तेव्हा कुठं लोकांना ते कळलं. त्या बातमीत स्वतःचं नाव घालून बोलले ते एकटे नत्थूजी. बाकीचे सगळे ‘पाहू, पाहू’ म्हणत घरात बसले. तेव्हापासून कोणीही फोन करायचं आणि वृषालीची चौकशी करायचं. कुठं राहते, कोणत्या बसनं नागपूरला जाते. तिनंच बजावून ठेवलं होतं, काका, माझ्याबद्दल कोणी विचारलं तर तोंड उघडू नका.

“शादी-ब्याह, बर्थडे, ऐसी छोटी-मोटी खबर लिखती है, मैडम,” नत्थूजी म्हणाले. “किसी के खिलाफ नहीं लिखती. डरपोक है बेचारी.”

बाई धन्यवाद म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. नत्थूजींना मनातून बरं वाटलं. आले होते मोठे, खेड्यातला म्हातारा बघून. गेले हात हलवत.

दुपारी वृषाली बागेत आली. स्कूटी बांधावरच टाकून जवळजवळ धावतच आली. चाळिशी ओलांडलेली बाई, पण चेहरा निकाल बघायला आलेल्या पोरीचा.

“काका, तुमाले कोनाचा फोन आल्ता का?”

“आल्ता ना. असा वाटेले लावला का इचारू नको.” त्यांनी सगळं रंगवून सांगितलं. डरपोक हा शब्द तर पुन्हा एकदा म्हणून दाखवला.

वृषालीनं कपाळावर हात मारला. “काय करून बसले, काका. ते फेलोशिपवाले होते.”

मग तिनं सांगितलं. आशियातल्या, बरीच वर्षं या धंद्यात काढलेल्या पत्रकारांना एक संस्था वर्षभरासाठी बँकॉकला बोलावते. राहायला देते, शिकवते, मोठमोठ्या लोकांबरोबर काम करू देते. शेवटच्या निवडीत तिचं नाव होतं. तिच्या बातमीत बोललेल्या एका माणसाचा नंबर त्यांनी मागितला, तिनं नत्थूजींचा दिला. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. हीच एक संधी.

“मंग मले सांगतलं काहून नाई?”

वृषालीनं चपलेनं माती उकरली. “लागन का नाई, मलेच भरोसा नव्हता.”

हे नत्थूजींच्या गळी उतरलं नाही. ही बाई भाजी काय केली तेही सांगायची, आणि एवढी गोष्ट पोटात ठेवली? जूनमध्ये तिनं मुलीला, मानसीला, नागपूरला बहिणीकडे नेऊन ठेवलं होतं. तिथली शाळा चांगली आहे, म्हणाली होती. तेव्हा ‘बरं केलं’ म्हणत नत्थूजींनीच मान डोलावली होती. आता ती मान त्यांना खटकायला लागली. नर्सरीवाल्यावरची केस कुठं आत्ता उभी राहत होती. पांढुर्ण्याला साहेबांच्या दारात खेटे घालायचे, पळणाऱ्या शेतकऱ्यांना धरून आणायचं, सारं हीच करत होती. ही गेली की त्या माणसाचं नाव घेणारे एकटे नत्थूजी उरणार. त्यांना राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

“वर्षानं वापस येशीन?”

“येईन ना, काका.” हे ती झाडाकडे पाहून म्हणाली. बोटं मोबाइलवर चाललीच होती. चूक झाली, पुन्हा एकदा फोन करा, असं त्या बाईला लिहून राहिली होती.

थोड्या वेळानं नत्थूजींचा फोन वाजला. तोच नंबर. वृषालीनं हात जोडले. “आता खरं सांगा, काका.”

नत्थूजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि फोन घेतला. “मैडम, सुबह मैं झूठ बोला. हमको लगा दुश्मन का फोन है. डरपोक-वरपोक कुछ नहीं. वो किसी के बाप से नहीं डरती. उसकी गाड़ी का टायर फाड़े, तो बस से आई और लिखी. पैसे का तो पूछो मत. हमारे घर की चाय पीने को भी ना-ना करती है.”

वृषालीचे डोळे भरून आले. तिनं तोंडाला पदर लावला.

पलीकडची बाई हसली. नत्थूजींच्या फोनचा आवाज नेहमीच मोठा, अर्ध्या बागेला ऐकू जाईल असा. बाई म्हणाली, बस, आखरी सवाल. फेलोशिप आम्ही त्यांनाच देतो जे परत जाऊन आपल्या गावात काम करतात. “वृषालीजी सौंसर लौटेंगी ना?”

नत्थूजींनी वृषालीकडे पाहिलं. तिनं ऐकलं होतं. पण ती खाली वाकली, बाजूच्या भरल्या कॅरेटमधलं एक संत्रं उचललं आणि सोलायला लागली. सोलताना एकदाही वर पाहिलं नाही.

“हॅलो? हॅलो?” बाई म्हणाली.

“आएगी ना, मैडम. जरूर आएगी,” नत्थूजी म्हणाले. सकाळी ‘डरपोक है बेचारी’ म्हणाले होते, अगदी त्याच आवाजात.