ऑरिनने ओढून आणलेली होडी

ऑरिन टकेट दोन कयाक घेऊन किनाऱ्याला लागला, तेव्हाच वाळूवरची माणसं समजायचं ते समजली. एकीत तो स्वतः होता. मागे दोरीने बांधलेली पिवळी कयाक रिकामी होती आणि ती इल्डा मेंडोन्साच्या पोराची, रूबेनची होती. दोघं जण गुडघाभर पाण्यात शिरले आणि होडी वर ओढायला लागले.

त्या किनाऱ्यावरची रीतच तशी आहे. केल्पच्या, म्हणजे तळापासून पाण्याच्या वरपर्यंत वाढणाऱ्या समुद्रशेवाळाच्या, रानात मासा मारायला उतरणारा त्याच केल्पची एक वेल होडीवरून गुंडाळतो आणि भाला घेऊन सूर मारतो. वेल तळाच्या दगडाला घट्ट धरून असते, त्यामुळे होडी जागची हलत नाही. अशी बांधलेली रिकामी होडी दिसली की तिला हात लावायचा नाही, कारण धनी खाली श्वास कोंडून बसलेला असतो. कुणाचाच श्वास पुरणार नाही इतका वेळ गेला, तरच वेल कापायची. जिवंत माणसाची होडी तिथे दुसरं कुणी आणत नाही.

ऑरिन थांबला होता, आणि चांगला थांबला होता. हाका मारल्या, घसा बसेपर्यंत मारल्या. स्वतः दोन-तीनदा खाली जाऊन आला. श्वास कोंडायला रूबेनला त्यानेच शिकवलं होतं. त्या पोराचा दम किती, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? धुकं अंगावर आलं, तेव्हा त्याने सुरीने वेल कापली. कापताना त्याला रडू आवरलं नाही.

इल्डाची गोड पावाची भट्टी होती. ती पिठाच्या हातांनीच धावत आली.

"माझा रूबेन कुठाय?"

"खाली राहिला, इल्डा," ऑरिन म्हणाला.

मग शोध सुरू झाला. धुकं असं बसलं होतं की हेलिकॉप्टर निघेचना. सगळा गाव होड्या घेऊन केल्पमध्ये उतरला. आकडे टाकले, तळ चाळला, काठावरून वाकून पाण्यात बघून बघून माणसांच्या माना धरल्या. रूबेन सापडला नाही. शार्कचं नाव सगळ्यांच्या ओठांवर होतं, पण इल्डासमोर ते घेण्याची कुणाची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती कड्यावर उभी होती. शेजारी ऑरिन होता. समोर नुसतं पांढरं धुकं, आणि त्याच्या पलीकडे, केल्पचं रान संपतं तिथे, समुद्रसिंहांचा खडक. त्या जनावरांची दिवसरात्र बोंबाबोंब चालू असायची. इल्डाने एकदम त्याची बाही धरली.

"ऐक. हाक मारतोय तो."

ऑरिनने ऐकलं. अगदी मन लावून ऐकलं.

"समुद्रसिंह आहेत, इल्डा."

"मला माझ्या पोराचा आवाज कळत नाही होय रे?"

"पाण्यात गेलेल्याचा आवाज मागे राहिलेल्यांना येतोच. मला माझ्या भावाचा वर्षभर येत होता."

त्याने हे खोटं सांगितलं नव्हतं. तिला धरून त्याने घरी नेलं, सूप करून पाजलं आणि तिचा डोळा लागेपर्यंत खुर्चीत बसून राहिला. असा शेजारी मिळायला भाग्य लागतं, असं गावात जो तो म्हणत होता.

शोध थांबला, पण इल्डा काही मानायला तयार होईना. पाद्र्याला तिने दारातून परत पाठवलं. रूबेनच्या गाडीची चावी ती कुणाला देईना. आल्यावर त्याला लागेल म्हणे. ऑरिन रोज यायचा, पाव भाजू लागायचा आणि तेच तेच समजावायचा. किती दिवस असं जळत राहणार तू, एकदा निरोप देऊन टाक, तुझ्याही जिवाला शांतता मिळेल. शेवटी एका संध्याकाळी तिने हातातलं पीठ झटकलं.

"तू म्हणतोस तर गेला," ती म्हणाली.

आठवडा झाला त्या सकाळी धुकं उठलं आणि पहिल्यांदा ऊन पडलं. सगळ्या कयाक केल्पच्या रानात गेल्या आणि गोल करून उभ्या राहिल्या. इल्डा ऑरिनच्या जोडकयाकमध्ये पुढे बसली होती. तिने फुलांचा हार पाण्यात सोडला. रूबेन लहानपणी झोपायला जाताना ती त्याला जे म्हणायची, तेच दोन शब्द म्हणाली. बाप्ये माणसंसुद्धा हमसून रडली.

हार वाहत वाहत खडकाकडे गेला. खडकाला वळसा घालून एक लाट आली, तिने तो उचलला आणि समुद्राकडच्या बाजूला वर एका कपारीच्या तोंडाशी नेऊन टाकला.

"तिथे नको अडकायला," इल्डा म्हणाली. "त्याच्याजवळ जाऊ दे."

त्या खडकावर कुणी चढत नसे. एक तर शेवाळ, त्यात ती जनावरं माणसावर धावून येतात. पण आज ऑरिन तिला नाही म्हणू शकला नाही. बाकीच्यांनी त्याची होडी धरून ठेवली. वल्हं आपटल्यावर समुद्रसिंह धबाधब पाण्यात पडले. ऑरिन धापा टाकत, हाता-पायांवर वर चढला, हार उचलायला वाकला आणि त्याने सावलीतल्या त्या कपारीत पाहिलं.

आत रूबेन पडला होता. मोडलेला पाय त्याने भाल्याला पट्ट्याने नीट बांधला होता. धुक्याचं पाणी साठावं म्हणून मोठाले शिंपले रांगेत उताणे मांडले होते. एक मोठा मासा अर्धा खाऊन झाला होता, उरलेल्याच्या पातळ पट्ट्या कापून दगडावर सुकत घातल्या होत्या. ऑरिनने त्याच्या गळ्याला हात लावला. नाडी लागली नाही. अंग अजून गरम होतं.